मेडिकल रिसर्चरचं पब्लिकेशन रेकॉर्ड कसं तपासायचं: आधी यादी, मग आकडा, मग वाचन

कुणातरी मेडिकल रिसर्चरचं रेकॉर्ड तपासायची वेळ बऱ्याच जणांवर येते. सिलेक्शन कमिटीत बसलेल्यांवर येते, पीएचडीला गाईड शोधणाऱ्यावर येते, एखाद्या उपचाराबद्दल ठामपणे बोलणारा तज्ज्ञ खरंच त्या विषयातला आहे का हे बघणाऱ्या पत्रकारावर येते, आणि स्वतःचं रेकॉर्ड नीट लावायला बसलेल्या डॉक्टरवर तर येतेच येते. बहुतेक जण काय करतात, तर नाव सर्चमध्ये टाकतात, गुगल स्कॉलरच्या प्रोफाईलवर उजवीकडे एच-इंडेक्स दिसतो (५ म्हणजे पाच पेपरांना किमान पाच-पाच संदर्भ मिळालेले) तो उचलतात आणि काम संपलं. मी हे काम बरीच वर्षं करतेय आणि माझं मत पक्कं झालंय की तो आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी यादी बरोबर करायची, मग मोजायचं, आणि मोजून झालं की पेपर उघडून बघायचं की साईट करणारे, म्हणजे त्या पेपरचा संदर्भ देणारे लोक नक्की काय म्हणतायत. मेडिकलमध्ये हे जास्त महत्त्वाचं, कारण इथे चुकीच्या पद्धतीने साईट झालेल्या पेपरची किंमत पेशंट मोजतात, त्याचं उदाहरण पुढे देतेच.

आधी माणूस नक्की करा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पबमेड या मेडिकल पेपरांच्या डेटाबेसवर बराच काळ लेखकाचं फक्त आडनाव आणि आद्याक्षरं यायची, पूर्ण नावं २००२ पासून यायला लागली, त्यामुळे त्याच्या आधीच्या पेपरांमध्ये 'वांग वाय' म्हणजे नक्की कोण हे नुसतं नाव बघून कळायला मार्गच नाही. वरून लग्नानंतर बदललेलं आडनाव, मधलं नाव कधी लिहिलेलं कधी गाळलेलं, स्पेलिंग जर्नलगणिक वेगळं, हे सगळं आहेच.

पबमेडची एक सवय लक्षात ठेवा. तुम्ही आडनाव आणि एकच आद्याक्षर टाकून ऑथर म्हणून शोधलंत तर त्याच आद्याक्षराने सुरू होणारी दोन आद्याक्षरांची नावंसुद्धा तो उचलतो. नाव दुहेरी अवतरणचिन्हांत टाकलं की हे थांबतं, पण मग त्या माणसाने ज्या पेपरांत दोन आद्याक्षरं लिहिलीत ते निसटतात. म्हणून दोन्ही प्रकारे शोधायचं आणि नंतर हाताने गाळायचं, याला शॉर्टकट नाही.

सगळ्यात आधी ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख नंबर, आहे का बघा. १६ अंकांचा नंबर असतो, चार-चारच्या गटात, शेवटचा अंक कधी कधी एक्स असतो. २०१२ पासून ही सोय आहे, फुकट आहे, आणि माणसाने नोकरी बदलली, देश बदलला, आडनाव बदललं तरी नंबर तोच राहतो. फक्त एक लक्षात घ्या की ऑर्किडची यादी बऱ्याच वेळा माणूस स्वतः भरतो, त्यामुळे ती अर्धवट असू शकते आणि तिथे आहे म्हणून पेपर खरा असंही नसतं. ऑर्किडवरून माणूस ओळखायचा, यादी मात्र दुसरीकडून ताडून घ्यायची.

ऑर्किड नसेल तर मी चार गोष्टी जुळवते: संस्था, विषय, को-ऑथर आणि वर्षं. चारपैकी तीन जुळल्या तर पेपर यादीत, दोनच जुळल्या तर बाजूला ठेवून पूर्ण पेपर उघडून बघायचा. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून एकदा एका डोळ्यांच्या सर्जनच्या यादीत भलत्याच माणसाचे ११ पेपर गेले होते, नाव तेच, आद्याक्षरं तीच, आणि तो दुसरा माणूस बुरशीवर काम करायचा. डोळ्याला बुरशीचा संसर्ग होतोच, त्यामुळे विषयावरून मला संशय आला नाही. पकडलं गेलं ते वर्षावरून, कारण त्यातला एक पेपर सर्जनने एमबीबीएस पूर्ण करायच्या आधीचा निघाला. रिपोर्ट जायच्या आदल्या दिवशी कळलं आणि सगळी मोजणी परत केली. तेव्हापासून पहिल्या पेपरचं वर्ष आणि पदवीचं वर्ष शेजारी शेजारी लिहून ठेवायची सवय लावून घेतलीय, तुम्हीही लावा.

एकाच माणसाचे चार वेगवेगळे आकडे

आता यादी कुठून आणायची. चार जागा मुख्य आहेत आणि चौघांचे आकडे कधीच जुळत नाहीत, यात गडबड काही नाही, चौघंही वेगळ्या गोष्टी मोजतात.

पबमेड अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं आहे, फुकट आहे, मेडिकल पेपर शोधायला सगळ्यात चांगलं. पण ते मुळात साईटेशन मोजायचं साधन नाही, 'साईटेड बाय' म्हणून खाली जे दिसतं ते पबमेडमधल्याच लेखांपुरतं असतं. आणि 'पबमेडवर आहे' म्हणजे 'चांगल्या जर्नलमध्ये आहे' असं धरून चालू नका. पबमेडच्या आत मेडलाईन हा निवडलेल्या जर्नलांचा भाग आहे, आणि त्याशिवाय पीएमसी म्हणजे पूर्ण लेखांच्या संग्रहातून आलेले पेपरही आहेत, ज्यात सरकारी निधीच्या नियमामुळे जमा करावे लागलेले पेपर असतात, मग ते कुठल्याही जर्नलमधले का असेनात. जर्नल मेडलाईनमध्ये आहे का हे वेगळं तपासता येतं आणि तपासायलाच हवं.

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स पैसे भरून वापरायचे डेटाबेस, दोन्हींत ठरावीक जर्नलंच घेतात आणि साईटेशनही त्याच जर्नलांमधली मोजतात. वेब ऑफ सायन्सचं मूळ म्हणजे युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये सुरू केलेला सायन्स साईटेशन इंडेक्स. स्कोपस २००४ चा. स्कोपसमध्ये लेखकाची प्रोफाईल कॉम्प्युटर आपोआप बनवतो, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन-तीन प्रोफाईली होणं किंवा दोन माणसं एकाच प्रोफाईलमध्ये कोंबली जाणं हे सर्रास दिसतं. एच-इंडेक्स अचानक फार कमी वाटला तर आधी दुसरी प्रोफाईल शोधा.

गुगल स्कॉलरचा आकडा जवळजवळ नेहमीच सगळ्यात मोठा येतो, कारण तो थिसिस, पुस्तकं, प्रीप्रिंट म्हणजे जर्नलमध्ये छापून यायच्या आधी ऑनलाईन टाकलेले पेपर, कॉन्फरन्सचे पेपर, कुठेतरी टाकलेली पीडीएफ, सगळं धरतो. त्याचा फायदाही आहे, इंग्रजी सोडून इतर भाषांतलं काम तिथेच सापडतं. पण प्रोफाईल माणूस स्वतः बनवतो, आणि नवीन पेपर आपोआप जोडायची सेटिंग चालू राहिली तर दुसऱ्यांचे पेपर येऊन बसतात आणि वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. यादी साईटेशनच्या उतरत्या क्रमाने असते, पहिले दहा उघडून बघा त्यात त्याचं नाव खरंच आहे का, एखादा जरी परका निघाला तरी एकूण आकडा हजाराने खाली येऊ शकतो.

तर नियम एकच, कुठलाही आकडा लिहिताना शेजारी डेटाबेसचं नाव आणि तारीख. 'एच-इंडेक्स ३१' या वाक्याला काही अर्थ नाही, 'स्कोपसवर अमुक तारखेला ३१' याला आहे. दोन उमेदवारांची तुलना करताना एकाचा स्कॉलरवरून आणि दुसऱ्याचा स्कोपसवरून घेतलेला आकडा मी स्वतः कमिटीच्या कागदांत शेजारी शेजारी छापलेला पाहिलाय, आणि त्यावर चर्चाही झाली होती, मला आजही त्याचं वाईट वाटतं कारण ज्याचं नुकसान झालं त्याला ते कधी कळणारही नाही.

शीट बनवा आणि साफ करा

सगळे पेपर एका एक्सेल शीटमध्ये आणा, एका ओळीत एक पेपर. रकाने हवेत: वर्ष, जर्नल, डीओआय म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाईन नंबर, पबमेडचा नंबर म्हणजे पीएमआयडी, पेपरचा प्रकार, लेखकांची एकूण संख्या, आपल्या माणसाची जागा, साईटेशन, आणि शेरा. डीओआयवरून डुप्लिकेट काढा, पण प्रीप्रिंटचा डीओआय वेगळा आणि छापून आलेल्या पेपरचा वेगळा असतो, त्यामुळे मेडआर्काईव्ह या प्रीप्रिंटच्या वेबसाईटवर आधी टाकलेला पेपर दोनदा येतो, तो शीर्षकावरून पकडायचा.

प्रकार हा रकाना लोक सोडून देतात आणि नंतर पस्तावतात. १०० 'पेपर' म्हणजे १०० अभ्यास नव्हे. त्यात केस रिपोर्ट असतात, संपादकाला लिहिलेली पत्रं असतात, संपादकीयं असतात, रिव्ह्यू असतात, कॉन्फरन्सचे अर्ध्या पानाचे गोषवारे असतात. ही सगळी कामं आपापल्या जागी चांगलीच आहेत, एखादा नीट लिहिलेला केस रिपोर्ट नवीन आजाराची पहिली खबर देतो, पण ती रँडमाईझ्ड ट्रायलसारखी (पेशंट चिठ्ठी टाकल्यासारखे गटांत वाटून केलेल्या चाचणीसारखी) मोजायची नसतात. रिव्ह्यूला साधारणपणे मूळ अभ्यासापेक्षा जास्त साईटेशन मिळतात, कारण लोकांना प्रस्तावनेत एकाच ठिकाणचा संदर्भ देणं सोपं पडतं, म्हणून मी नेहमी दोन बेरजा काढते, एक सगळ्यांची आणि एक फक्त मूळ संशोधनाची. या दोन बेरजांमधलं अंतर बघितलं की माणूस स्वतः काय करतो याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

मग लेखकांतली जागा. मेडिकलमध्ये साधारण रीत अशी की पहिल्या नावाने प्रत्यक्ष काम केलेलं असतं आणि शेवटचं नाव टीमच्या प्रमुखाचं असतं, आणि पत्रव्यवहाराचा लेखक बहुतेक वेळा या दोघांपैकीच एक. मधल्या नावांचा वाटा बाहेरून कळत नाही. तरुण माणसाची पहिली नावं बघायची, अनुभवी माणसाची शेवटची. पण बायोस्टॅटिस्टिशियन किंवा पॅथॉलॉजिस्टचं रेकॉर्ड असेल तर हा नियम लावू नका, ही माणसं आयुष्यभर मधेच राहतात आणि त्यांच्याशिवाय तो पेपर उभाच राहिला नसता. अशा वेळी पेपरच्या शेवटी 'कुणी काय केलं' याचा परिच्छेद असतो तो वाचा, बरीच जर्नलं आता १४ भूमिकांच्या ठरलेल्या यादीतून ते लिहायला लावतात.

लेखक म्हणवून घ्यायला काय लागतं हे मेडिकल जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने स्पष्ट लिहून ठेवलंय. कल्पना, डेटा किंवा विश्लेषणात भरीव वाटा हवा, लिहिण्यात किंवा गंभीरपणे तपासण्यात भाग हवा, शेवटच्या मसुद्याला मान्यता हवी, आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी हवी. चारही हव्यात. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव टाकलं, हे यात कुठेच बसत नाही. एखाद्याच्या नावावर वर्षाला ६०-७० पेपर असतील, विषय एकमेकांपासून लांब असतील आणि जागा कायम मधली किंवा शेवटची असेल तर लगेच आरोप करू नका, पण हे चार निकष समोर ठेवून प्रश्न नक्की विचारा.

मोठ्या गटांच्या पेपरांचं वेगळंच असतं. २०२१ मध्ये ऑपरेशन आणि कोविड लशीवरच्या एका पेपरला १५,०२५ को-ऑथर होते, गिनीज रेकॉर्ड झालं त्याचं. जगभरातल्या हॉस्पिटलांतून डेटा गोळा करणाऱ्यांना श्रेय मिळालंच पाहिजे, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे, पण असा एक पेपर रेकॉर्डमध्ये आला की एकूण साईटेशनचा आकडा त्या माणसाबद्दल काही सांगेनासा होतो. आणखी एक बारीक गोष्ट, ट्रायल ग्रुपच्या पेपरांत 'ऑथर' वेगळे आणि 'कोलॅबोरेटर' वेगळे. पबमेडवर दोघांचीही नावं सर्चमध्ये सापडतात, पण कोलॅबोरेटर म्हणजे लेखक नाही, सीव्हीमध्ये त्यांचा वेगळा भाग हवा. मी गटाचे पेपर शीटमध्ये वेगळ्या रंगात ठेवते आणि बेरीज त्यांच्यासकट आणि त्यांच्याशिवाय अशी दोनदा करते.

साफसफाईतलं शेवटचं आणि टाळता न येणारं काम म्हणजे रिट्रॅक्शन. मागे घेतलेल्या पेपरवर पबमेडमध्ये ठळक खूण असते. त्याशिवाय रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस आहे, तो २०२३ मध्ये डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने घेतला आणि सगळ्यांना खुला केला, तिथे नाव आणि डीओआय दोन्ही टाकून बघा. सापडलं तर कारण वाचा, कारण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. खोटा डेटा वेगळा, आणि स्वतःच चूक लक्षात आल्यावर प्रामाणिकपणे पेपर मागे घेणं वेगळं, दुसऱ्या प्रकारच्या माणसाचा मला आदर वाटतो आणि त्याला शिक्षा होऊ नये. तीच गोष्ट 'एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न' (पेपरबद्दल शंका असल्याची जर्नलची सूचना) आणि साध्या दुरुस्तीची, दोन्ही शेऱ्याच्या रकान्यात लिहा.

आता मोजा

एच-इंडेक्स हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. काढायला एकदम सोपा. समजा आठ पेपर आहेत, साईटेशन उतरत्या क्रमाने ४५, ३०, १२, ९, ६, ५, २, ०. वरून मोजत जा, पाचव्या पेपरला ६ आहेत म्हणजे पाचपेक्षा कमी नाहीत, सहाव्याला ५ आहेत म्हणजे सहापेक्षा कमी, म्हणून एच-इंडेक्स ५. गुगल स्कॉलरचा आय-टेन इंडेक्स म्हणजे किमान १० साईटेशन असलेले पेपर, इथे ३. एकूण १०९, सरासरी साडेतेराच्या वर, पण मधला आकडा म्हणजे मीडियन फक्त साडेसात. सरासरी आणि मीडियनमधली ही दरी जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डमध्ये दिसते, दोन पेपर सगळं वजन उचलत असतात, म्हणून मीडियन लिहायला विसरू नका.

याच उदाहरणात बघा, सहाव्या पेपरला एकच साईटेशन वाढलं की एच-इंडेक्स ६ होतो. म्हणजे ज्याला आकडा वाढवायचाय त्याने स्वतःच्या पुढच्या पेपरात बरोबर त्या सहाव्या पेपरचा संदर्भ द्यायचा, झालं काम. म्हणून सेल्फ-साईटेशन काढून परत मोजायचं, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स दोन्हींत तशी सोय आहे. पण सेल्फ-साईटेशन दिसलं की लबाडी असंही नाही. एखादी टीम २० वर्षं त्याच पेशंटांचा पाठपुरावा करतेय तर दर नव्या पेपरात पद्धतीसाठी जुन्या पेपरचा संदर्भ येणारच, यायलाच हवा. संशय तेव्हा घ्यायचा जेव्हा संदर्भाचा मजकुराशी संबंध नसतो, किंवा चार-पाच ठरावीक लोक एकमेकांनाच साईट करत बसलेले दिसतात.

एच-इंडेक्सच्या मर्यादा थोडक्यात. तो कधीच कमी होत नाही, माणसाने काम थांबवलं तरी वाढतो. १० पेपर प्रत्येकी १० साईटेशनचे असतील तरी एच १०, आणि त्यातल्या एकाला ५००० मिळाले तरी १०च. पहिलं नाव असो की चाळिसावं, त्याला फरक पडत नाही. वय वाढलं की तो वाढतो, म्हणून हिर्शने स्वतःच पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागायची सोय सांगितली होती, पण बाळंतपण, आजारपण, क्लिनिकल ड्यूटीची वर्षं यातून वजा केल्याशिवाय तो भागाकारही अन्यायच करतो. हिर्शने २० वर्षांनंतर २० म्हणजे यशस्वी, ४० म्हणजे फार चांगला असे अंदाज दिले होते ते भौतिकशास्त्रासाठी होते, ते उचलून त्वचारोगतज्ज्ञाला लावणारे लोक मला भेटलेत, कृपा करून तसं करू नका.

कुणाशी तुलना करायची

कॅन्सरवरच्या पेपरला १०० साईटेशन आणि दुर्मिळ जन्मजात आजारावरच्या पेपरला १०० साईटेशन या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, कारण दुसऱ्या विषयात लिहिणारेच मूठभर. म्हणून विषय आणि वर्ष धरून काढलेला आकडा बघायचा. मेडिकलसाठी माझी पहिली पसंती आयसाईट, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं फुकट साधन. पीएमआयडींची यादी पेस्ट केली की प्रत्येक पेपरचा रिलेटिव्ह साईटेशन रेशो म्हणजे आरसीआर मिळतो. एनआयएचच्या निधीवर झालेल्या त्याच विषयातल्या, त्याच काळातल्या पेपरांची पातळी म्हणजे १ धरलीय, त्यामुळे २ म्हणजे त्याच्या दुप्पट. विषय तो जर्नलच्या नावावरून ठरवत नाही, त्या पेपरबरोबर इतर कुठले पेपर एकत्र साईट होतात त्यावरून ठरवतो, हे मला फार पटतं. स्कोपसवर असाच एक आकडा आहे, फील्ड-वेटेड साईटेशन इम्पॅक्ट, तिथे १ म्हणजे जगाची सरासरी. दोन्हींत अगदी नव्या पेपरांचे आकडे फार हलतात, गेल्या दोन वर्षांतले पेपर मी या मोजणीतून बाजूलाच ठेवते आणि ते सरळ वाचते.

आयसाईटमध्ये आणखी एक रकाना आहे ज्याकडे कुणी बघत नाही, कुठल्या क्लिनिकल लेखांनी म्हणजे ट्रायल किंवा गाईडलाईनने हा पेपर साईट केलाय. मला विचाराल तर मेडिकल रिसर्चरच्या बाबतीत हा रकाना एच-इंडेक्सपेक्षा कितीतरी जास्त मोलाचा.

जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी दरवर्षी फिरते त्याबद्दलही विचारणा होते. ती स्कोपसच्या डेटावर जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी बनवलेली यादी आहे, सहा मापं एकत्र करून, २२ क्षेत्रं आणि १७४ उपक्षेत्रांत विभागून. त्यात दोन याद्या असतात, एक पूर्ण करिअरची आणि एक फक्त एका वर्षाची, आणि सेल्फ-साईटेशनसह आणि त्याशिवाय असे दोन्ही आकडे दिलेले असतात. सीव्हीवर 'टॉप दोन टक्के' दिसलं की कुठली यादी, कुठलं वर्ष, हे विचारायचं.

इम्पॅक्ट फॅक्टर: तो जर्नलचा, माणसाचा नाही

यावर फार वेळ घालवत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी मिळालेली साईटेशन भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. सरासरी आहे ती, आणि फारच वाकडी सरासरी. नेचर या जर्नलच्या संपादकीयाने २००५ मध्ये स्वतःच लिहिलं होतं की त्यांच्या आकड्यातला ८९ टक्के भाग फक्त २५ टक्के पेपरांमुळे येतो. क्रिस्टलोग्राफीच्या एका जर्नलचा आकडा २००९ मध्ये सुमारे २ वरून थेट जवळजवळ ५० वर गेला, कारण सॉफ्टवेअरवरचा एकच पेपर सगळे साईट करायला लागले. त्या वर्षी तिथे छापलेला बाकीचा कुठलाही पेपर २५ पट चांगला झाला नव्हता. कुणी आपल्या सगळ्या पेपरांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज करून सीव्हीवर लिहिली असेल तर ती ओळ सरळ सोडून द्या. सॅन फ्रान्सिस्कोचा डोरा नावाचा जाहीरनामा हेच सांगतो, माणसाचं मोजमाप करायला जर्नलचा आकडा वापरू नका, आणि ज्या संस्थांनी त्यावर सह्या केल्यात त्यांच्या कमिटीला ही आठवण तुम्ही निर्धास्तपणे करून देऊ शकता.

मग वाचा

आता जे काम सगळ्यात महत्त्वाचं ते. यादीतले सगळ्यात जास्त साईट झालेले पाच पेपर घ्या, प्रत्येकाला साईट करणारे दहा-बारा पेपर उघडा, आणि जिथे संदर्भ दिलाय ते वाक्य वाचा. एक दुपार जाते, जास्त नाही.

हे का करायचं? १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र आलं होतं, हॉस्पिटलात दाखल असलेल्या पेशंटना अफूजन्य वेदनाशामकं दिली तेव्हा व्यसन लागल्याची उदाहरणं फार कमी आढळली असं सांगणारं. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये त्याच्या साईटेशनचा हिशोब छापून आला. ६०८ वेळा साईट झालं होतं, त्यातल्या ७२ टक्के लेखांनी ते 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून वापरलं, आणि ८० टक्क्यांहून जास्त लेखांनी ते पेशंट हॉस्पिटलात दाखल होते ही गोष्ट सांगितलीच नाही. नंतर घरी नेऊन महिनोन्महिने घ्यायच्या गोळ्यांसाठी त्या पाच वाक्यांचा आधार दिला गेला आणि उत्तर अमेरिकेत ओपिऑइडचं संकट उभं राहायला त्याने हातभार लावला. ६०८ हा आकडा नुसता बघितला तर उत्तम इम्पॅक्ट. वाचला तर काळजाचं पाणी होतं.

दुसरं टोक म्हणजे १९९८ चा लॅन्सेटमधला वेकफिल्डचा पेपर, १२ मुलांवरचा, लस आणि ऑटिझम जोडू पाहणारा, २०१० मध्ये पूर्ण मागे घेतला. त्याला भरपूर साईटेशन आहेत आणि त्यातली बरीचशी तो कसा चुकीचा आहे हे सांगण्यासाठी. मोजणारं मशीन यात फरक करत नाही, तुम्हालाच करावा लागतो.

मी शीटमध्ये साईट करणाऱ्या प्रत्येक लेखासमोर एक शब्द लिहिते: पद्धत, पार्श्वभूमी, आधार, विरोध किंवा वापर. 'पद्धत' म्हणजे त्यांनी आपल्या माणसाची चाचणी किंवा प्रश्नावली वापरली. हे फार घट्ट प्रकारचं साईटेशन. प्रोटीन मोजायच्या पद्धतीवरचा लाउरी यांचा १९५१ चा पेपर ३ लाखांहून जास्त वेळा साईट झालाय तो याच कारणाने. 'पार्श्वभूमी' म्हणजे प्रस्तावनेत पाच संदर्भांच्या गठ्ठ्यात एक, त्याचं वजन कमी. 'वापर' म्हणजे गाईडलाईनने शिफारस करताना आधार घेतला किंवा एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या रिव्ह्यूमध्ये तो अभ्यास धरला गेला. अशी दोन-चार जरी सापडली तरी रिपोर्टमध्ये त्यांना सगळ्यात वर जागा द्या.

जे छापलंच गेलं नाही ते

ट्रायल करणाऱ्या रिसर्चरचं रेकॉर्ड फक्त छापलेल्या पेपरांवर बघू नका. २००५ पासून प्रमुख मेडिकल जर्नलं आधी नोंदणी न केलेली ट्रायल छापत नाहीत, त्यामुळे क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह किंवा त्या त्या देशाच्या रजिस्ट्रीवर नाव टाकून किती ट्रायल पूर्ण झाल्या ते बघा. मग ट्रायलचा नोंदणी नंबर (क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्हवर तो एनसीटीने सुरू होतो) पबमेडमध्ये टाका आणि किती छापून आल्या ते जुळवा. नोंदवताना मुख्य निकाल म्हणून जे लिहिलं होतं तेच पेपरात मुख्य म्हणून आलंय का, तेही बघा. पाच ट्रायल पूर्ण आणि छापलेल्या दोनच, दोन्ही चांगल्या निकालाच्या, तर बाकी तीन कुठे गेल्या हा प्रश्न हक्काने विचारायचा. ज्या पेशंटांनी त्या तीन ट्रायलसाठी आपलं शरीर दिलं त्यांचं ते देणं आहे. उलट, काही वाईट निकाल लागूनही कुणी ट्रायल छापली असेल तर साईटेशन चार असली तरी मी त्याची रिपोर्टमध्ये मुद्दाम नोंद करते.

आणि काही कामं नावानिशी सापडतच नाहीत. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचा १९७७ चा पेपर गटाच्या नावाने छापला गेला, व्यक्तीचं नाव नव्हतं, आणि त्या कामासाठी तू यूयू यांना नोबेल मिळालं २०१५ मध्ये. म्हणून माणसाला एक साधा प्रश्न विचारायला संकोच करू नका: तुमचं असं कुठलं काम आहे जे या यादीत दिसत नाही?

स्वतःचं रेकॉर्ड लावत असाल तर

ऑर्किड काढा आणि पेपर पाठवताना प्रत्येक जर्नलला द्या. नाव एकाच प्रकारे लिहायचं ठरवा आणि तेच कायम ठेवा. स्कोपसवर दोन प्रोफाईली झाल्या असतील तर एकत्र करायची विनंती टाका, ते करतात, थोडा वेळ लागतो. स्कॉलरवर आपोआप जोडायची सेटिंग बंद करून 'आधी मला विचारा' करून ठेवा. सीव्हीवर मूळ संशोधन, रिव्ह्यू, केस रिपोर्ट, पत्रं, गटाचे पेपर असे वेगळे भाग करा, लोकांना वाटतं याने यादी छोटी दिसते, पण वाचणाऱ्याचा विश्वास बसतो आणि तो पुढचं नीट वाचतो. मेलवर 'तुमचा पेपर आठवड्यात छापू' म्हणणारी जर्नलं टाळा. २०१३ मध्ये सायन्स या जर्नलच्या एका पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका असलेला खोटा पेपर ३०४ ओपन ॲक्सेस जर्नलांना पाठवला होता आणि १५७ जणांनी तो स्वीकारला, तेव्हा जर्नल डीओएजे या ओपन ॲक्सेस म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणाऱ्या जर्नलांच्या यादीत किंवा मेडलाईनमध्ये आहे का हे बघण्याइतका वेळ काढाच, जरी त्या ३०४ मधली बरीच डीओएजेच्याच यादीतून निवडलेली होती, म्हणजे एवढ्यावर थांबू नका, तिथले दोन-चार छापलेले पेपरही वाचून बघा.

रिपोर्ट लिहिताना मी पहिल्या परिच्छेदात एकही आकडा टाकत नाही. तीन पेपर निवडते, प्रत्येकाबद्दल दोन-तीन वाक्यं, काय प्रश्न होता, काय सापडलं, आणि नंतर कुणी ते कशासाठी वापरलं. त्याखाली आकड्यांचं छोटं टेबल: डेटाबेस, तारीख, मूळ संशोधनाचे पेपर किती, पहिल्या आणि शेवटच्या नावाचे किती, साईटेशनचा मीडियन, एच-इंडेक्स सेल्फ-साईटेशनसह आणि शिवाय, आरसीआरचा मीडियन, रिट्रॅक्शन, नोंदवलेल्या आणि छापलेल्या ट्रायल. मग ज्याचं रेकॉर्ड आहे त्याला हे टेबल पाठवायचं आणि चूक असेल तर आठ दिवसांत कळवा म्हणायचं. दर दोन-तीन रिपोर्टांमागे एखादी तरी दुरुस्ती येतेच, बहुतेक वेळा जुन्या आडनावाखालचे पेपर राहून गेलेले असतात. ती दुरुस्ती शीटमध्ये करा, तारीख बदला, आणि मगच कमिटीकडे पाठवा.